मापात पाप आणि कुरआनचा 83 वा अध्याय

प्रश्न : मी कांद्याच्या आडतीवर हिशेब लिहितो. कुरआनमधील ‘अल्-मुतफ्फिफीन’ हा अध्याय काटा मारणाऱ्यांविषयी आहे, असे एका सहकाऱ्याने सांगितले. अनुवाद वाचला, तर वजनमाप आरंभीच संपते आणि पुढे कयामत, कर्मांची नोंद, थट्टा करणारे लोक असे निराळेच विषय येतात. यांचा परस्परसंबंध काय?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे. एकूण 36 आयतींपैकी (वचनांपैकी) वजनमापाच्या आयती पहिल्या तीनच. परंतु त्यांचा रोख केवळ कमी वजनावर नाही. लोकांकडून घेताना माप पुरेपूर घ्यायचे आणि त्यांना देताना मात्र हात आखडायचा, या दुटप्पीपणाचा तेथे धिक्कार आहे. शेतकऱ्याच्या पोत्यामागे कडता (वजनातली कपात) धरणारा माणूस तोच माल विकताना काटा मारत असेल, तर त्याला आपल्या हक्काची जाण पक्की असते, दुसऱ्याच्या हक्काची तेवढी नसते.

म्हणूनच चौथ्या-पाचव्या आयतींत लगेच विचारले आहे की, आपल्याला एका महान दिवशी पुन्हा उठवले जाणार आहे, असे या लोकांना वाटत नाही काय? त्यानंतर दुराचाऱ्यांची नोंद ‘सिज्जीन’मध्ये आणि सदाचाऱ्यांची ‘इल्लिय्यीन’मध्ये असल्याचे येते; या दोन्हींना तेथे ‘लिहिलेला ग्रंथ’ म्हटले आहे. वह्या लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना हा क्रम सहज उमगावा, कारण ज्या व्यवहाराची नोंद आपल्याशिवाय कोणी ठेवत नाही असे वाटते, तेथेच माणूस धीट होतो. चौदाव्या आयतीत तर माणसाची कमाईच त्याच्या अंतःकरणावर गंजासारखी चढते, असे म्हटले आहे. शेवटी श्रद्धावंतांना पाहून डोळे मिचकावणारे, हसणारे लोक येतात. तेही, माझ्या मते, माणसालाच कमी मोजणारे होत. त्या दिवशी हसण्याची पाळी श्रद्धावंतांची असेल, असे अध्याय सांगतो.

हा अध्याय मक्केत अवतरला की मदिनेत, याबाबत भाष्यकारांत मतभेद आहेत. पैगंबर मदिनेत आले तेव्हा तेथील लोक मापात फार खोटे होते आणि या आयतींनंतर ते सुधारले, असे पैगंबरांचे चुलत भाऊ इब्न अब्बास यांच्या नावे सांगितले जाते. तथापि शेवटच्या आयतींतील थट्टेचे वातावरण मक्केत श्रद्धावंतांच्या झालेल्या छळाशी अधिक जुळते. इस्लामी विधिज्ञ इमाम मालिक यांनी ‘मुवत्ता’ या आपल्या हदीससंग्रहात पुरे आणि अपुरे माप प्रत्येक गोष्टीला असते, असे नमाजच्या संदर्भात नोंदवले आहे, त्यामुळे हा अध्याय केवळ व्यापाऱ्यांपुरता ठेवता येत नाही. जोडीला अकराव्या अध्यायातील, मदयन येथील लोकांना पुरे माप देण्यास बजावणाऱ्या पैगंबर शुऐब यांची कथा 84 व्या आयतीपासून वाचावी.