वाचकांचे प्रश्न : बेसबॉल सिम्युलेशनमधली मायनर लीग

प्रश्न : 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' या संगणकीय खेळात माझा १९ वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) सिंगल-एमध्ये (मायनर लीग, म्हणजे मुख्य लीगखालच्या तयारीच्या संघांची एक खालची पायरी; तिच्या वर हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए) .३११ सरासरीने खेळत होता, म्हणून त्याला थेट डबल-एला चढवलं. तिथे तो .१८५वर अडकलाय. खाली आणू का?

उत्तर : आणा, आणि लगेच आणा. तुम्ही सिंगल-एचे आकडे कळवलेत ते बरं झालं, कारण चूक तिथेच दिसते. २१० वेळा फलंदाजीला आला, ६१ हिट, त्यांत ४ होमरन, १२ वॉक (चार खराब चेंडूंमुळे फुकट मिळालेला पहिला बेस), दोनदा चेंडू अंगावर, ५८ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद). म्हणजे स्ट्राइकआउट २७.६ टक्के आणि वॉक जेमतेम ५.७ टक्के. वॉक, अंगावरचे चेंडू, होमरन आणि स्ट्राइकआउट बाजूला काढले, तर मैदानात गेलेल्या १३४ चेंडूंवर त्याला ५७ हिट मिळाल्या, म्हणजे .४२५. हा आकडा साधारण .३००च्या आसपास असतो. खालच्या पातळीवर क्षेत्ररक्षण कच्चं असल्याने थोडा चढा दिसेल, पण .४२५ कुणाचाच टिकत नाही. सरासरी नशिबाची होती. चेंडूची पारख अजून आलेली नाही, आणि डबल-एच्या पिचर्सनी (चेंडू टाकणाऱ्यांनी) नेमकं तेच हेरलं.

त्याला परत सिंगल-एलाच ठेवा. आमचा ठोकताळा असा : किमान २०० वेळा फलंदाजी, स्ट्राइकआउट २३ टक्क्यांच्या खाली, वॉक ८ टक्क्यांच्या पुढे. एवढं जमलं की हाय-ए. पायरी गाळू नका. १९व्या वर्षी सिंगल-एला असणं म्हणजे मागे पडणं मुळीच नाही.

प्रश्न : चांगलं पोटेन्शियल असलेले दोन पोरगे एकाच संघात आहेत, पण दोघेही बाकावर बसतात. असं का?

उत्तर : त्या संघाची डेप्थ चार्ट (कोणत्या जागी कोण खेळतो तो तक्ता) उघडा. तिथे बहुधा २६-२७ वर्षांचा, पुढे वाव नसलेला एखादा खेळाडू रोज खेळताना दिसेल. लाइनअप संगणकाच्या हवाली असेल, तर तो प्रामुख्याने आजचं रेटिंग बघतो, उद्याचं नाही. अशा खेळाडूला सोडून द्या किंवा वरच्या संघात पाठवा. दोन शॉर्टस्टॉप असतील तर एकाला सेकंड बेसवर शिकवा. रोज न खेळणाऱ्या पोराची वाढ खुंटते, त्यामुळे ही साफसफाई दर महिन्याला करायलाच हवी.

प्रश्न : रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये (४० जणांच्या यादीबाहेरचे खेळाडू इतर संघ उचलू शकतात ती निवड) माझे दोन पिचर गेले. ४० जणांच्या मुख्य यादीत जागाच नव्हती. कुणाला वाचवायचं?

उत्तर : १८ किंवा कमी वयात करार झालेला खेळाडू पाचव्या रूल फाइव्ह ड्राफ्टला उघडा पडतो, १९ किंवा जास्त वयाचा चौथ्या. उचलणारा संघ १ लाख डॉलर मोजतो आणि त्याला पूर्ण हंगाम मुख्य लीगच्या २६ जणांच्या संघात ठेवावं लागतं; नाही जमलं तर आधी वेव्हर्स (इतर संघांना त्याला घेण्याची संधी), मग ५० हजारांत मूळ संघाला परत देऊ करावं लागतं. म्हणून धोका कच्च्या पोराला कमी, ट्रिपल-एच्या तयार रिलीव्हरला (सामन्यात मधेच येणाऱ्या पिचरला) जास्त. एखादा रिलीव्हर सातव्या डावात लपवता येतो. शॉर्टस्टॉप लपत नाही.

मात्र घाईने सगळ्यांना यादीत घेऊ नका. यादीतला खेळाडू हंगामात २० दिवस किंवा जास्त मायनरला राहिला की एक ऑप्शन वर्ष (वेव्हर्सशिवाय खाली पाठवण्याची मुभा असलेलं वर्ष) संपतं, आणि अशी वर्षं सहसा तीनच. नोव्हेंबर २०२५मध्ये घेतलेला पिचर २०२६, २०२७, २०२८ तिन्ही वर्षं खाली गेला, तर २०२९मध्ये त्याला वेव्हर्सशिवाय खाली धाडता येणार नाही.

तुमची जागा कुठे गेली असेल? ६० दिवसांच्या जखमी यादीतले खेळाडू ४०मध्ये मोजले जात नाहीत, पण वर्ल्ड सिरीजनंतर (हंगामाच्या अंतिम मालिकेनंतर) ते सगळे परत मोजात येतात. ऑक्टोबर संपतानाच ती यादी उघडून तेवढ्या जागा आधीच रिकाम्या करा.