गळ्यातलं बटण आणि आतली कडी

प्रश्न : आई ७९ वर्षांची आहे. चिपळूणजवळ जांभ्याच्या घरात एकटी राहते, मी बंगळुरूला. पडल्यावर दाबायचं गळ्यातलं बटण घ्यावं म्हणतोय. ते कसं चालतं आणि घेताना काय बघायचं?
– एक वाचक, बंगळुरू

उत्तर : बहुतेक संचांत बटण स्वतः फोन लावत नाही. ते घरातल्या डब्याला रेडिओ संदेश देतं. डब्यात सिमकार्ड, स्पीकर, माइक आणि वीज गेल्यावर चालणारी बॅटरी असते. डबा एकतर कंपनीच्या कॉल सेंटरला फोन लावतो, नाहीतर तुम्ही भरून ठेवलेले नंबर ओळीने लावत जातो. दुसऱ्या प्रकारात फोन घेणाऱ्याला एखादं बटण दाबून ‘मिळाला’ असं कळवावं लागतं का, ते दुकानातच विचारा. तशी सोय नसेल, तर पहिल्याच नंबरच्या व्हॉइसमेलने फोन उचलला की डबा काम झालं समजून गप्प बसतो.

खोक्यावर लिहिलेला पल्ला मोकळ्या मैदानातला असतो. जांभ्याच्या जाड भिंतींत तो बराच घटतो. म्हणून न्हाणीघर, मागचं अंगण, विहिरीचा काठ अशा प्रत्येक जागी उभं राहून बटण दाबून बघा. न्हाणीतून डब्याचा आवाज ऐकू येणार नाही, तेव्हा एक नियम ठरवून टाका : फोन आला आणि पलीकडून उत्तर नाही, तर निघायचंच. बटण पाण्यात चालणारं हवं. नाहीतर आई अंघोळीला जाताना ते खुंटीला अडकवणार, आणि पाय घसरतो तो न्हाणीतच. दोरी ओढली की सुटणारी असावी, म्हणजे कुठे अडकली तरी गळ्याला फास बसत नाही.

नंबरांच्या यादीत पहिलं नाव तुमचं नको. बंगळुरूहून १०८ लावलात तर फोन कर्नाटकच्या केंद्रात जातो. पहिला नंबर पाच मिनिटांत दारात पोचेल अशा शेजाऱ्याचा ठेवा, १०८ ला फोन तेच करतील. डब्याचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये आईच्या नावाने जतन करून द्या, नाहीतर अनोळखी नंबर म्हणून कापला जाईल.

आता कडी. शेजाऱ्याकडे चावी आहे, पण रात्री आई आतून कडी घालतात; मग ती चावी काय कामाची? दाराला बाहेरून चावीने उघडणारं लॅच बसवा आणि कडी काढूनच टाका. नुसतं ‘घालू नकोस’ सांगून भागत नाही, सवय जात नाही.

प्रश्न : पडणं आपोआप ओळखणारं घड्याळ घेतलं तर बटण लागणार नाही ना?

उत्तर : लागेल. घड्याळ झटकन खाली जाणं, आपटणं आणि नंतरची निश्चलता जुळवून बघतं. भिंतीला टेकत हळूहळू खाली बसलेला माणूस त्यातून निसटतो, उलट खुर्चीत धपकन बसलं तरी ते कधी ओरडतं. शिवाय ते वरचेवर चार्ज करावं लागतं. बटणाची बॅटरी बरेच महिने टिकते.

दर महिन्याच्या १ तारखेला आईंना बटण दाबायला सांगा आणि त्याच दिवशी सिमचा रिचार्ज कधी संपतो ते बघा. फक्त २जीवर चालणारा डबा असेल तर त्यात जिओचं सिम चालत नाही.