दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह नीट दिसतही नाही, मग त्याच्या वातावरणात कोणते वायू आहेत हे कसं कळतं?

बहुतेकदा ताऱ्याच्या उजेडावरूनच. ग्रह ताऱ्यासमोरून सरकतो तेव्हा थोडा प्रकाश त्याच्या कडेच्या वातावरणातून गाळून आपल्यापर्यंत येतो. प्रत्येक वायू ठरावीक तरंगलांबी शोषतो, म्हणून नेमक्या त्या तरंगलांबीत ग्रह किंचित मोठा भासतो.

जेम्स वेब दुर्बिणीला २०२२ मध्ये सुमारे ७०० प्रकाशवर्षं दूरच्या वास्प-३९बी ग्रहाच्या वर्णपटात (तरंगलांबीनुसार मांडलेल्या प्रकाशाच्या नोंदीत) ४.३ मायक्रॉन तरंगलांबीजवळ असाच ठळक उंचवटा दिसला. तो होता कार्बन डायऑक्साइडचा! पुढे तिथे सल्फर डायऑक्साइडही सापडला. मला तर हा शोध जास्त मोलाचा वाटतो, कारण तो वायू ताऱ्याच्या प्रकाशाने घडणाऱ्या रासायनिक क्रियांतून बनतो. म्हणजे परक्या हवेत चाललेलं रसायनशास्त्रच पकडता आलं.

वास्प-३९बी वायूचा, फुगलेला ग्रह, म्हणून काम सोपं. छोट्या खडकाळ ग्रहांचा संकेत फारच क्षीण, शिवाय ताऱ्यावरचे डाग त्यात घोळ घालतात. ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवतीच्या खडकाळ ग्रहांच्या मालेत हीच अडचण आहे.

‘जीवसृष्टी सापडली’ अशा बातम्यांवर मात्र लगेच विश्वास ठेवू नका. के२-१८बी या दूरच्या ग्रहावर मिथेन आढळला. पण पृथ्वीवर मुख्यतः सजीवांकडून बनणाऱ्या डायमिथाइल सल्फाइड या वायूचा तिथला २०२५ मधला दावा इतर गटांच्या विश्लेषणात टिकलेला नाही.