साडीच्या दुकानातला चहा आणि दातांची क्लिप

"मॅडम, क्लिप लावू की ते प्लास्टिकचं?" हा प्रश्न खरं तर दातांच्या डॉक्टरला विचारायचा, पण वर्षातनं पाच-सहा जण तरी माझ्यासमोर बसून हेच विचारतात, आणि मी काही डेंटिस्ट नाही, बेळगावात टिळकवाडीला एका खोलीत समुपदेशन करते. ही मंडळी डॉक्टरकडं जाऊन आलेली असतात, डॉक्टरांनी सांगितलेलं असतं की तुमच्या केसमध्ये दोन्ही चालेल, तुम्ही ठरवा, आणि ते 'तुम्ही ठरवा' घरात येऊन फुटतं.

गेल्या वर्षी एक भावंडांची जोडी आली. भाऊ 24 वर्षांचा, साड्यांच्या दुकानात गादीवर बसून साड्या दाखवायचं काम, अक्का बँकेत, आणि पैसे अक्का देणार. (दोघांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.) पोरगा बोलताना डावा हात तोंडावर धरायचा, दातावर दात चढलेले, वरचे दोन जरा पुढं. त्याला पारदर्शक अलायनर हवे होते, म्हणजे दातांवर बसणाऱ्या, काढता-घालता येणाऱ्या प्लास्टिकच्या खोळी. डॉक्टरांनी त्यांना अलायनरचे 1 लाख 10 हजार सांगितलेले आणि साध्या धातूच्या क्लिपचे 35 हजार. अक्का म्हणाली, "मॅडम, मी नको म्हणत नाही ओ, पण एवढं कशाला, शाळेतली पोरं लावतात की तारा!" त्यावर तो, "शाळेतली पोरं साड्या विकत नाहीत." झालं, दोघं माझ्या खोलीतच भांडायला लागले.

माझी चूक आधी सांगते. तो तोंडावरचा हात बघून मी लगेच आत्मविश्वास, लहानपणी कुणी चिडवलं का, या वाटेला लागले, आणि दीड सेशन त्यात घालवलं. चिडवलं होतं, कुणाला चिडवत नाहीत! पण त्याला ते नको होतं. तो शेवटी वैतागून म्हणाला, "मॅडम, मला दात सरळ करायचेत, रडायचं नाही." बरोबरच होतं त्याचं.

मग मी त्याला एक काम दिलं. आठ दिवस, तोंडात पाण्याशिवाय काहीही गेलं की पावती पुस्तकाच्या मागं एक रेघ मारायची आणि वेळ लिहायची. बाकी काही करायचं नाही.

हे का, तर अलायनरचं सगळं गणित तासांवर आहे. दात हाडात सिमेंटनं बसवल्यासारखा नसतो, त्याच्यावर सतत हलका दाब राहिला की एका बाजूचं हाड विरतं आणि मागच्या बाजूला नवीन भरत येतं, असा तो सरकतो. दाब सतत पाहिजे. क्लिप चिकटवलेली असते, तिला तुमची मर्जी लागत नाही, तुम्ही झोपा, भांडा, ती आपलं काम करत राहते. अलायनर मात्र तुमच्या हातात. दिवसाचे 20 ते 22 तास घालायचे, एक-दोन आठवड्यांनी पुढचा जोड, खाताना आणि पाणी सोडून काहीही पिताना काढायचे. गरम चहा आत ठेवून प्यायला तर प्लास्टिक वाकायची भीती, डाग पडतात, आणि साखर आत दाताला चिकटून बसते, म्हणजे दात सरळ होऊन किडलेले. आणि जास्त वेळ बाहेर राहिले की दात मागं सरकतो, मग पुढचा जोड बसतच नाही.

आठ दिवसांनी पोरगा आला, पुस्तक उघडलं तर साधारण दिवसाला 14 रेघा. दुकानात गिऱ्हाईक बसलं की चहा येतो, आणि गिऱ्हाईकाबरोबर आपणही अर्धा कप घ्यायचा, ती रीतच आहे, त्यात लग्नसराई, गोव्याची माणसं सकाळी येऊन दुपारपर्यंत बसतात. मधे चिरमुरे, बडीशेप. तीन जेवणाखाण्याच्या वेळा अर्ध्या-अर्ध्या तासाच्या धरल्या, बाकी 11 वेळा काढा, प्या, चूळ भरा, परत घाला, पंधरा मिनिटं धरली, बेरीज सव्वाचार तास. त्याला 22 तास सांगितलेले, म्हणजे बाहेर ठेवायला दोनच. शिवाय गिऱ्हाईकासमोर तोंडातनं ते काढायचं कसं, हा वेगळाच प्रश्न.

अक्का म्हणाली, "मग चहा सोड की." तो हसला, आणि पहिल्यांदा तोंडावर हात न धरता हसला हे मी बघितलं. "चहा सोडला तर साडी कोण घेणार?"

मला वाटलं आता क्लिपवर शिक्कामोर्तब, पण त्याची खरी भीती तेव्हा बाहेर पडली, बोलण्याची. अलायनरनं सुरुवातीला 'स' जरा फुसका येतो हे त्यानं कुठंतरी व्हिडिओत बघितलेलं, आणि त्याचा धंदाच 'स'चा, मराठीत साडी, कन्नडमध्ये सीरे, गोव्याचं गिऱ्हाईक कापड म्हणतं तेवढीच काय ती सुटका. खरं तर बहुतेकांची जीभ काही दिवसांत जुळवून घेते. क्लिपमध्ये 'स'चा त्रास सहसा कमी, पण पहिले तीन-चार दिवस दात ठणकतात, गाल-ओठ आतून सोलतात, त्यावर डॉक्टर मेण देतात ते ब्रॅकेटवर, म्हणजे दातावर चिकटवलेल्या छोट्या तुकड्यांवर लावायचं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायच्या.

आणि अलायनर 'अजिबात दिसत नाही' हे अर्धसत्य आहे. बऱ्याच केसमध्ये दातांवर दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवतात, जवळनं बघितलं की कळतात. उलट क्लिपमध्येही दातांच्या रंगाची सिरॅमिक मिळते, महाग असते, जरा ठिसूळ, आणि तिची पारदर्शक रबरं आपल्या हळदीच्या आमटीनं पिवळी पडतात! पुढच्या भेटीला बदलतात, पण तोवर पिवळीच.

त्यांना मी एवढंच सांगितलं की डॉक्टरला हे पुस्तक दाखवा आणि दोनच गोष्टी बघून घ्या. एक, बघणारा माणूस ऑर्थोडॉन्टिस्ट आहे ना, म्हणजे बीडीएसनंतर तीन वर्षं याच विषयात एमडीएस केलेला. दुसरं, हिरड्या तपासून आणि एक्स-रे काढूनच सुरुवात होतेय ना, कारण नुसत्या मोबाइलच्या फोटोवर किंवा घरबसल्या घेतलेल्या मापावर अलायनर पाठवणारे पण आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. पैशाची अडचण असेल तर आपल्या बेळगावात केएलईचं आणि मराठा मंडळाचं अशी दोन डेंटल कॉलेजं आहेत, कॉलेजात पीजीची मुलं सरांच्या देखरेखीखाली करतात, सहसा खर्च कमी पडतो, वेळ मात्र काढावा लागतो.

शेवटी त्यानं वर सिरॅमिक आणि खाली धातूची अशी क्लिप लावली, खर्च दोन्ही आकड्यांच्या मधे कुठंतरी बसला, अक्का आणि तो दोघंही थोडे नाराज, म्हणजे बरोबर जमलं असावं. महिन्या-सव्वा महिन्यानं तार बघायला जातो. चिवट करदंट, ऊस, कणीस बंद, आमचा मऊ खव्याचा कुंदा चालू, त्यावर तो खूश. ब्रॅकेटभोवती नीट ब्रश केलं नाही तर क्लिप काढल्यावर दातांवर पांढरे डाग राहतात, म्हणून दुकानात गल्ल्याशेजारी छोटा ब्रश ठेवलाय, मालक सुरुवातीला कुरकुरला, आता स्वतःच 'घासलास काय रे' म्हणून विचारतो म्हणे.

क्लिप काढल्यावर रिटेनर, म्हणजे दात परत सरकू नयेत म्हणूनचा साचा, घालायचाय हे मी त्याला दोनदा बजावलं, आणि ते अनुभवानं. कॉलेजात असताना माझेही दात सरळ केले होते, रिटेनर एका लग्नात जेवताना कागदात गुंडाळून पत्रावळीशेजारी ठेवला, आणि वाढप्यानं पत्रावळीबरोबर उचलून नेला. नवीन करून घ्यायचा कंटाळा केला. खालचे दोन दात आज परत वाकडे आहेत, कुणी विचारलं की मी विषय बदलते.

गेल्या महिन्यात अक्का एकटीच आली. तिच्या पुढच्या दोन दातांत बारीक फट आहे, ती मला कधी दिसलीच नव्हती. बँकेत दिवसाला दोनच चहा, त्यामुळं तिच्या डॉक्टरांनी अलायनर चालतील म्हटलंय. न सांगता आठ दिवसांच्या रेघा मारून आणलेल्या, रोजच्या पाच, फार तर सहा. फक्त रविवारसमोर रेघ नव्हती, तिथं लिहिलेलं, "खानापूरला आईकडं. भडंग. मोजलं नाही."