पोटाची शस्त्रक्रिया जरूर करा, पण ५.८ लाखांचं कर्ज काढून नको

प्रश्न थोडक्यात: वय ३९, कोल्हापुरात खासगी लॅबमध्ये टेक्निशियन. चौदा महिन्यांपूर्वी वजन घटवण्यासाठी जठर लहान करणारी ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रिया झाली, वजन ११८ किलोवरून ७४ वर आलं. आता पोटाची कातडी लोंबते आणि तिच्या घडीत सारखे चट्टे उठतात. प्लास्टिक सर्जननी पोटाच्या शस्त्रक्रियेचे ३.६ लाख आणि दंडांच्या, म्हणजे हातांच्या वरच्या भागाच्या, शस्त्रक्रियेचे २.२ लाख, असे एकूण ५.८ लाख सांगितलेत. बँकेचं प्री-अप्रूव्ह्ड कर्ज तयार आहे. १४ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी महिना १९,८०० रुपये हप्ता बसतो. कर्ज घेऊ, की दहावीतल्या मुलीच्या शिक्षणाचे म्युच्युअल फंडातले ४.८ लाख काढू? अडीअडचणीसाठी २.५ लाखांची एफडी आहे. यजमानांच्या एलआयसीचे १.४ लाख येत्या वर्षात मिळतील. सासूबाई म्हणतात, हे सगळे चोचले.

ताई, आधी त्या ‘चोचले’ शब्दाचं बोलू. दिवसभर उभ्याने काम करायचं आणि जेवणाच्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन पोटाच्या घडीत ठेवलेला सुती कपडा बदलायचा, असं तुम्ही लिहिलंय. हा त्रास रोज सोसणाऱ्या बाईच्या गरजेला चोचले म्हणणं मला पटत नाही. इतकी ताणलेली कातडी व्यायामाने परत आत जात नाही, ती कापूनच काढावी लागते. घडीत घाम साठतो, बुरशी धरते, मलम लावलं की आठवडाभर बरं वाटतं आणि पुन्हा तेच. त्यामुळे पोटावर खर्च करावा की नाही, हा प्रश्न मी मिटलेला धरतो. तो केव्हा आणि कुठल्या पैशातून करायचा, एवढंच ठरवायचं आहे.

त्यासाठी ५.८ लाखांचा आकडा पहिल्यांदा मोडा. पोटाची शस्त्रक्रिया हा उपचार आहे. दंडांची तुमची इच्छा आहे, आणि ती रास्तही आहे; पण दोन्ही एकाच बिलात बांधली की कर्ज तर फुगतंच, शिवाय विम्याची बाजूही लंगडी पडते.

विम्याचं नीट सांगतो, कारण तुम्ही ‘कॉस्मेटिकला क्लेम मिळत नाही’ असं गृहीत धरून तो विषयच सोडून दिलाय. तुमच्या स्लीव्हचा खर्च याच पॉलिसीने दिला, कारण तेव्हा तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ४० च्या वर होता. आता पॉलिसीच्या कागदात अपवादांच्या यादीतलं कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीचं कलम काढा. विमा क्षेत्राची नियामक संस्था आयआरडीएआयने त्याची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी ठरवून दिली आहे. रूप बदलण्यासाठीचे उपचार त्यात वगळलेत, पण अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना वगळलेली नाही. तसंच आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या गरजेची शस्त्रक्रियाही वगळलेली नाही; मात्र ती गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित करावी लागते. दार उघडतं ते या शेवटच्या वाक्याने. ते अरुंद आहे, कंपनी पहिल्या फेरीत नाही म्हणण्याची शक्यता जास्त, तरीही ठोठावायलाच हवं.

ठोठावायचं ते पुराव्यानिशी. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, दर भेटीचं प्रिस्क्रिप्शन आणि औषधांची बिलं जपा, चट्टे उठले की तारखेसह फोटो काढून डॉक्टरांच्या नोंदीत घालायला सांगा. निदान तीन-चार महिने औषध घेऊनही संसर्ग उलटतोय, असं कागदावर दिसलं पाहिजे. सर्जनकडून पोटाचं एस्टिमेट वेगळं घ्या. नुसती लोंबती कातडी काढणं म्हणजे पॅनिक्युलेक्टॉमी. स्नायू घट्ट करून पोटाला आकार देणं म्हणजे टमी टक. कागदावर नेमकं काय लिहिलंय यावर क्लेमचं बरंच अवलंबून असतं. पोटाची सोनोग्राफीही करून घ्या. हर्निया खरोखर निघाला, तर त्याच्या दुरुस्तीचा खर्च वेगळा मागता येतो. नसलेला हर्निया कागदावर ‘दाखवून देतो’ असं कुणी म्हणालं, तर तिथून उठून या. खोटी माहिती पकडली गेली तर अख्खी पॉलिसी जाऊ शकते, आणि तुमच्या वैद्यकीय इतिहासानंतर नवी मिळवणं सोपं नाही.

कंपनीने नकार दिला तर तो लेखी मागा. आधी त्यांच्याच तक्रार विभागाकडे जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज करा. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही.

हे सगळं होईपर्यंत काही महिने जातील, आणि ते जायलाच हवेत. गेल्या दोन महिन्यांत तुमचं वजन आणखी ३ किलो उतरलंय. ते निदान सहा महिने एका जागी थांबल्याशिवाय ही शस्त्रक्रिया करू नये, असंच सर्जन सहसा सांगतात. आज केली आणि वजन आणखी उतरलं, तर कातडी पुन्हा सैल पडेल आणि त्याच कामाला दुसऱ्यांदा पैसे मोजाल. प्रथिनं, लोह, बी-१२ यांची पातळीही या काळात सुधारता येईल. स्लीव्हनंतर ती खालावते आणि मग जखम भरायला वेळ लागतो.

आता विमा अजिबात मिळाला नाही असं धरून हिशेब करू. पोटाचे ३.६ लाख. कॉस्मेटिक शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो. तुमच्या एस्टिमेटमध्ये तो दिसत नाही. धरला तर ६४,८०० वाढले. पट्टा म्हणजे कॉम्प्रेशन गारमेंट, औषधं, ड्रेसिंगच्या फेऱ्या यांचे २५,०००. तुमचं काम उभ्याचं, तेव्हा तीन-चार आठवडे तरी घरी राहावं लागेल. शिल्लक रजा संपल्यावर कापला जाणारा पगार ३०,००० धरा. एकूण सुमारे ४.८ लाख.

बँकेला महिना १९,८०० द्यायची तुमची तयारी आहे ना? मग तेच पैसे या महिन्यापासून आरडीत (दरमहा भरायच्या आवर्ती ठेवीत) टाका. वर्षात व्याज सोडून २,३७,६०० होतात. एलआयसीचे १.४ लाख मिळवले की पावणेचार लाखांच्या वर जाता. उरलेल्या लाखभरासाठी १४ टक्क्यांनी वर्षभराचं कर्ज घेतलंत तरी व्याज आठ हजारांच्या आत राहतं. आज ५.८ लाख उचललेत तर तीन वर्षांत व्याजच १.३३ लाखांच्या पुढे जाईल. हॉस्पिटलने ‘नो-कॉस्ट ईएमआय’ (बिनव्याजी म्हणवणारे हप्ते) पुढे केला, तर रोख भरल्यास किती कमी कराल, हे आधी विचारा.

मुलीचे ४.८ लाख मोजूच नका. तिच्या प्रवेशाला तीनेक वर्षं राहिलीत, तेवढ्यात ही रक्कम पुन्हा उभी राहणार नाही. आणि एफडीला हात लावू नका, हे मी जास्त जोर देऊन सांगतो. या शस्त्रक्रियेत जखमेत पाणी साठणं, टाके उसवणं, संसर्ग, पायात रक्ताची गुठळी असे धोके असतात. मूळ शस्त्रक्रिया विम्याबाहेरची असेल, तर त्यातून उद्भवलेल्या उपचाराचा खर्चही कंपनी सहसा नाकारते. म्हणजे एफडी मोडायची वेळ येण्याची शक्यता ऑपरेशननंतरच सगळ्यात जास्त. तेव्हा ती शाबूत हवी. सर्जनना स्पष्ट विचारा: पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं, तर पॅकेजमध्ये काय आणि बाहेर काय? उत्तर लेखी घ्या.

दंडांचं एस्टिमेट फायलीत ठेवा. पोट पूर्ण बरं व्हायला आणि ते लाखाचं कर्ज फिटायला जवळपास सारखाच वेळ लागेल. त्यानंतर तीच आरडी पुन्हा सुरू केलीत, तर जीएसटीसकट २.६ लाख तेरा-चौदा महिन्यांत जमतात. तेव्हाही दंड करावेसे वाटले तर करा, तुमच्या पैशाने आणि कुणाला स्पष्टीकरण न देता. पॉलिसीचं ते कलम आणि पोटाचं वेगळं एस्टिमेट हाती आलं की मला पाठवा. प्री-ऑथच्या (विमा कंपनीच्या पूर्वमंजुरीच्या) अर्जासोबत जोडायचं पत्र आपण मिळून लिहू.