झोप उडाली, तरी झकास वाटतंय?

प्रश्न : वय ३६. बायपोलरसाठी (मूड टोकाचा चढतो-उतरतो, तो आजार) ८ वर्षं लिथियम घेतेय. गेली ५ वर्षं काहीच त्रास नाही. पण हात थरथरतात, वजन वाढलंय. परवा हळदीकुंकवाला माझा कप बशीवर खडखडला आणि सगळ्या बायका बघत राहिल्या. ९ दिवसांपूर्वी गोळ्या बंद केल्या, नवऱ्यालाही सांगितलं नाही. उलट झकास वाटतंय! पहाटे चारला उठून माळ्यावरचे सगळे डबे घासून काढले. चुकलं का माझं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अगं, कपबशीपर्यंत मी तुझ्या बाजूने होते. डब्यांपाशी थबकले. झोप कमी, तरी थकवा नाही, वर कामाचा झपाटा. मेनियाची, म्हणजे या आजारातल्या अति उत्साहाच्या झटक्याची, चाहूल पुष्कळदा अशीच लागते, आणि नेमकं तेव्हाच माणसाला छान वाटत असतं. ८ वर्षांपूर्वी सुरुवात कशी झाली होती, आठव बरं.

५ वर्षं त्रास नाही, त्यात गोळीचा वाटा मोठा आहे. लिथियम एकदम तोडलं की आजार उसळण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांत फार असतो, आत्महत्येचाही. म्हणून आजच डॉक्टरांना फोन कर. चुकलेल्या गोळ्या एकदम घेऊन भरपाई करू नकोस. कितीपासून सुरू करायचं ते डॉक्टर सांगतील. नवऱ्यालाही आजच सांग. रागावेल, रागावू दे. तुझी झोप उडाल्याचं तुझ्याआधी त्याला कळेल. डॉक्टर भेटेनात तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मराठीत बोलतात. मरणाचे विचार आले तर मात्र थेट दवाखाना गाठायचा.

आता हातांचं. ही तक्रार खरी आहे, ती डॉक्टरांना ठणकावून सांग. लिथियमची रक्तातली पातळी तपासतात (गोळ्या पुन्हा सुरू झाल्यावर, आदल्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं). ती जास्त असेल तर डोस कमी करता येतो, थरथरीवर वेगळं औषधही आहे. थायरॉइड आणि किडनीही बघून घे, वजनामागे थायरॉइड असू शकतो. आणि गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणतेस का? निर्जळी उपास करतेस? दोन्हींनी लिथियमची पातळी वाढते.

औषध कधीच सुटणार नाही, असं मी म्हणत नाही. काहींचं डॉक्टर हळूहळू, आठवडे-महिने घेऊन कमी करतात. चोरून, एकदम नाही.

डबे राहू देत. आज रात्री किती तास झोपलीस, ते सकाळी कॅलेंडरच्या चौकोनात लिही.