राजा, पार्लमेंट आणि चोवीस प्रश्न

प्रश्न : बाई, लग्नानंतर मी इंग्लंडला आले. कायम वास्तव्याच्या अर्जासाठी ‘लाइफ इन द यूके’ परीक्षा द्यायची आहे. सरकारी पुस्तक वाचून काढलं, पण सनावळी डोक्यात टिकत नाही. १०६६, १२१५, १६८९, १८३२... सगळ्याचा काला होतो. माझं शिक्षण कॉमर्सचं, इतिहासाशी कधी जमलं नाही. काय करू? (रेडिंगहून एक वाचक)

सनावळी आधी बाजूला ठेवा. मी शाळेत इतिहास शिकवायचे तेव्हा मुलींना जे सांगायचे, तेच आता इथल्या लायब्ररीत परीक्षेची तयारी करायला येणाऱ्यांना सांगते. एकच प्रश्न मनात धरून पुस्तक वाचायचं : राजाच्या हातातली सत्ता लोकांच्या हातात आली कशी? या देशाचा निम्मा इतिहास त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे, आणि ते उत्तर कळलं की सन आपोआप आपापल्या जागी बसतात.

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने हेस्टिंग्जची लढाई जिंकली आणि तो राजा झाला. जमीन त्याची, शब्दही त्याचाच. दीडशे वर्षांनी जॉन राजाने सरदारांना करांपायी इतकं पिळलं की ते उठले, आणि १२१५ मध्ये थेम्सकाठी रनीमीडच्या कुरणावर त्यांनी त्याला मॅग्ना कार्टा मान्य करायला लावला. राजालाही कायदा लागू आहे, हे असं कागदावर आलं. रनीमीड तुमच्यापासून फार लांब नाही, एखाद्या रविवारी जाऊन या. पाहिलेल्या जागेचा सन विसरत नाही.

पुढच्या ट्यूडर राजघराण्याची पानं भराभर वाचली तरी चालतील. आठव्या हेन्रीच्या बायका तेवढ्या क्रमाने पाठ करा : कॅथरिन, अ‍ॅन, जेन, अ‍ॅन, कॅथरिन, कॅथरिन. पहिलीशी काडीमोड हवा होता, पोपने दिला नाही, म्हणून त्याने चर्चच रोमपासून वेगळं केलं.

थांबायचं ते पहिल्या चार्ल्सपाशी. आपला अधिकार थेट देवाने दिला आहे, असं तो मानायचा. अकरा वर्षं त्याने पार्लमेंटशिवाय कारभार केला. १६४२ मध्ये पाच सभासदांना पकडायला तो सैनिक घेऊन स्वतः हाउस ऑफ कॉमन्समध्ये शिरला. ते पाचही जण आधीच निसटले होते. त्यानंतर एकाही राजाने किंवा राणीने त्या सभागृहात पाऊल टाकलेलं नाही. आजही अधिवेशनाच्या उद्घाटनाला राजाचा दूत, म्हणजे ब्लॅक रॉड, बोलवायला येतो तेव्हा त्याच्या तोंडावर दार लावतात आणि त्याला ते ठोठवावं लागतं. टीव्हीवर हा सोहळा लागला की जरूर बघा. यादवी युद्ध झालं, १६४९ मध्ये राजाचं डोकं उडवलं गेलं, पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेल सत्तेवर आला आणि गेला, १६६० मध्ये मारलेल्या राजाच्या मुलाला परत बोलावून गादीवर बसवलं. १६८८ मध्ये दुसरा जेम्स फ्रान्सला पळाला, त्याच्या जागी त्याची मुलगी मेरी आणि जावई विल्यम आले. १६८९ च्या बिल ऑफ राइट्सने पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर बसवायचा नाही आणि शांततेच्या काळात खडं सैन्यही ठेवायचं नाही, हे पक्कं झालं.

पण त्या पार्लमेंटमध्ये होतं कोण? जमीनदार. पुढची दोन-अडीचशे वर्षं भांडण मताच्या हक्काचं आहे. ओल्ड सेरम नावाच्या मतदारसंघात वस्ती जवळजवळ उरली नव्हती, तरी तिथून दोन सभासद निवडून जायचे, आणि मँचेस्टरसारख्या गिरणीच्या शहराला एकही नव्हता. १८३२ च्या रिफॉर्म अ‍ॅक्टने हे बरंचसं मोडलं. कामगारांना तरीही मत मिळालं नाही, म्हणून त्यांच्या मतासाठी चळवळ करणारे चार्टिस्ट उभे राहिले. १९१८ मध्ये तीस वर्षांवरच्या स्त्रियांना मत मिळालं, तेही मालमत्तेची अट घालून, आणि १९२८ मध्ये पुरुषांच्या बरोबरीने. १९६९ मध्ये वय अठरावर आलं. सफ्रजेट, म्हणजे मतासाठी लढणाऱ्या स्त्रिया, म्हटलं की एमेलिन पँकहर्स्टचं नाव लक्षात ठेवाच. पण १९१० च्या नोव्हेंबरात पार्लमेंटवर गेलेल्या मोर्चात तिच्यासोबत पंजाबच्या महाराजा दुलीपसिंगांची मुलगी सोफिया होती, हेही माहीत असू द्या. परीक्षेत येवो न येवो.

हे सगळं एका दमात नवऱ्याला मराठीत सांगून बघा. जिथे अडाल तेवढंच पुन्हा वाचा. आणि प्रश्न नीट वाचा. काही प्रश्नांना चारपैकी दोन उत्तरं निवडायची असतात, एक चुकलं तर गुण मिळत नाही. चोवीस प्रश्न, पंचेचाळीस मिनिटं, अठरा बरोबर आले की पास. वेळ पुरून उरतो, घाई करू नका.

प्रश्न : पुस्तकातला साम्राज्याचा भाग वाचून अस्वस्थ झालो. आपण शिकलो ते आणि हे जुळत नाही. मनाला न पटणारी उत्तरं द्यायची का? (हॅरोहून एक वाचक)

परीक्षेत तुमचं मत विचारत नाहीत. कोण, कुठे, कधी एवढंच विचारतात, आणि ते पुस्तकातल्याप्रमाणे लिहायला हरकत नाही. पण तुमची अस्वस्थता योग्य आहे. ब्रिटनमधल्या इतिहासकारांनीही गुलामगिरी आणि साम्राज्याच्या या मांडणीवर २०२० मध्ये जाहीर पत्र लिहून आक्षेप घेतला होता.

माझं म्हणणं असं, की पुस्तकातली ओळ पाठ करा आणि तिच्यामागचं पानही शोधा. गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद झाला, त्यासाठी झटलेल्या विल्बरफोर्सचं नाव, गुलामगिरी संपवणारा १८३३ चा कायदा, हे परीक्षेपुरतं. त्या कायद्याखाली दोन कोटी पौंडांची भरपाई दिली गेली ती गुलामांच्या मालकांना, गुलामांना नव्हे. मुक्त झालेल्यांच्या जागी भारतातून आणि चीनमधून मजूर नेले गेले, हे पुस्तकात एका वाक्यात येतं. त्या एका वाक्यात आपले लोक आहेत. कोकणातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारावर गेलेली कुटुंबं तीच, त्यांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणवतात.

पहिल्या महायुद्धात दहा लाखांवर भारतीय ब्रिटनसाठी लढायला गेले. एकदा ब्रायटनला जा. तिथल्या रॉयल पॅव्हिलियनमध्ये जखमी भारतीय सैनिकांचं इस्पितळ होतं. जे हिंदू आणि शीख सैनिक तिथे वारले, त्यांना शहराबाहेरच्या टेकड्यांवर अग्नी दिला गेला. त्या जागी पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी आहे. शेवटचा टप्पा पायी चढावा लागतो. नागरिकत्व घेणाऱ्या प्रत्येक भारतीयाने तिथे एकदा उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं. या देशाच्या इतिहासात आपण पाहुणे नाही, हे तिथे समजतं.

प्रश्न : आईचं वय ६३. अनेक वर्षं इथेच आहे, कायम वास्तव्याचा परवाना आहे. इंग्रजी जेमतेम. नागरिकत्वासाठी तिला परीक्षा द्यावी लागेल का? मराठीतून देता येते का? (लेस्टरहून एक वाचक)

मराठीतून नाही. इंग्रजीतून द्यावी लागते. वेल्समध्ये वेल्श आणि स्कॉटलंडमध्ये गेलिक चालते, बाकी काही नाही. पण पासष्ट पूर्ण झालेल्यांना ही परीक्षाही नाही आणि इंग्रजीची अटही नाही. दीर्घ आजारामुळे परीक्षा देणं शक्यच नसेल तर डॉक्टरांच्या दाखल्यावर सूट मागता येते.

परवाना हातात आहे, तेव्हा दोन वर्षं थांबायला अडचण दिसत नाही. अर्ज करायच्या वेळी नियम पुन्हा तपासा, ते बदलत असतात. एक मात्र आईला आजच नीट समजावून सांगा. ब्रिटिश नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व कायद्याने संपतं. पासपोर्ट परत करावा लागतो आणि पुढे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड, काढावं लागतं. आयुष्यभराचं नातं आहे ते. सही करायच्या दिवशी तिला हे पहिल्यांदा कळू नये.

प्रश्न : नागरिक झाल्याशिवाय इथे मत देता येत नाही, बरोबर ना? (मिल्टन कीन्सहून एक वाचक)

नाही, आणि हे आपल्या फार थोड्या लोकांना माहीत आहे. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे इथे कायदेशीर राहणारा अठरा वर्षांवरचा भारतीय नागरिक मतदार यादीत नाव घालू शकतो आणि पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत देऊ शकतो. मतदान केंद्रावर फोटोचं ओळखपत्र लागतं, त्यासाठी आपला भारतीय पासपोर्ट चालतो. मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकवलेले दादाभाई नौरोजी १८९२ मध्येच लंडनच्या फिन्सबरी सेंट्रलमधून पार्लमेंटवर निवडून आले होते. तुम्ही आजच नाव नोंदवा.

प्रश्न : परीक्षेच्या दिवशी काय काळजी घ्यावी? (कार्डिफहून एक वाचक)

नावाची. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असेल तर बुकिंग करतानाही ते जसंच्या तसं लिहा. नाव जुळलं नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत आणि पैसेही बुडतात. बुकिंग फक्त सरकारी संकेतस्थळावरून, निदान तीन दिवस आधी. फी पन्नास पौंड. ज्या ओळखपत्रावर बुकिंग केलं तेच न्यायचं. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा बसता येतं, फी मात्र पुन्हा भरावी लागते. पास झाल्यावर एक क्रमांक मिळतो. त्याला मुदत नसते. कायम वास्तव्याच्या अर्जाला जो क्रमांक द्याल तोच पुढे नागरिकत्वाच्या अर्जालाही लागतो, म्हणून तो दोन ठिकाणी लिहून ठेवा.